भाचीला टाईप वन आहे आणि इन्सुलिन मुद्दाम टाळतेय असं वाटतंय, कसं बोलू तिच्याशी?

वैजू_नाशिक

नमस्कार. एरवी मी इथे फक्त वाचते, पण आता कोणाला विचारावं कळेना म्हणून लिहितेय, थोडं लांबेल.

माझी भाची, म्हणजे सख्ख्या बहिणीची मुलगी, इंजिनिअरिंगला माझ्याकडे नाशिकला राहते. नववीत असताना तिला टाईप वन डायबेटिस निघाला, तेव्हापासून रात्री एक लाँग अ‍ॅक्टिंग आणि प्रत्येक जेवणाआधी एक असं पेनने इन्सुलिन चालू आहे. ताई आणि भाऊजी चोपड्याकडे असतात, शेती आहे, वरचेवर येणं जमत नाही. पोरगी हुशार, स्वतःचं सगळं स्वतः करायची, त्यामुळे मी कधी त्यात हात घातला नाही.

दिवाळीनंतर मात्र काहीतरी बिनसलंय. औषधं मीच आणते. एका कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात, तिचा रोजचा डोस मला माहितीये, त्या हिशोबाने जेवणाचं इन्सुलिन केव्हाच संपायला हवं होतं आणि ते फ्रीजच्या दारात तसंच पडलंय. ग्लुकोमीटर विचारलं तर सेल गेलाय, सेल आणून दिला तर स्ट्रिप संपल्यात. कपडे ढगळ व्हायला लागलेत, सारखं पाणी पिते, रात्री उठून उठून बाथरूमला जाते, केस गळतायत, चेहरा ओढलेला. आमच्याबरोबर जेवायला बसली की अर्धी पोळी आणि काकडी, "मावशी मी कॅन्टीनला खाल्लंय". मार्गशीर्षातले गुरुवार धरलेत, आमच्या दोन्ही घरांत कोणी करत नाही ते. आणि परवा खोली झाडताना गादीखाली बिस्किटांचे रिकामे पुडे आणि फरसाणाची पिशवी सापडली.

नणंदेकडच्या लग्नात प्रत्येक बाई तिला "अगं किती छान बारीक झालीस" म्हणत होती आणि तिचा चेहरा असा खुलला की माझ्या पोटात गोळाच आला. त्याच रात्री मैत्रिणीशी फोनवर बोलताना माझ्या कानावर पडलं, "इन्सुलिन घेतलं की मी फुगते गं."

शुगरच्या डॉक्टरांकडे नेलं, एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, ११ च्या वर. ते म्हणाले डोस चुकवू नको, डोळे जातील, किडनी जाईल, आणि पुढचा पेशंट बोलावला. ती गाडीवर मागे बसून रडत घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून अजूनच गप्प.

हे नक्की काय असतं? मी तिला सरळ विचारू की नको? ताईला सांगितलं तर ती आल्या आल्या बोलून बोलून पोरीचा जीव नकोसा करेल आणि घरी घेऊन जाईल अशी भीती वाटते. मला तर ती ताकास तूर लागू देत नाहीये.

पेनवाली

ताई, आधी एवढं वाचा, बाकीचं नंतर. तिला उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा नाहीतर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर कोणाशी काय बोलायचं याचा विचार न करता सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या आणि दारातच सांगा की टाईप वन आहे, इन्सुलिन चुकलंय, कीटोन बघा. कीटोन म्हणजे इन्सुलिन नसताना शरीर चरबी जाळतं तेव्हा रक्तात साचणारे आम्लासारखे पदार्थ. शुगर फार नाहीये म्हणून घरी थांबू नका, पोटात अन्नच नसेल तर शुगर बेताची असूनही कीटोन चढतात. लघवीच्या कीटोन स्ट्रिप मेडिकलमध्ये मिळतात, आजच आणून ठेवा. शुगर २५० च्या वर गेली किंवा तिला मळमळायला लागलं की तपासायचं.

आता बाकीचं. मी टाईप वन, शाळेत असल्यापासून. कॉलेजात माझं अगदी हेच झालं होतं आणि मी त्यातून बाहेर आलेय, म्हणून एवढं ठामपणे लिहितेय.

डॉक्टर लोक याला टीवनडीई म्हणतात, म्हणजे टाईप वन आणि त्याला जोडून आलेला खाण्याचा आजार. नेटवर डायब्युलिमिया म्हणूनही सापडेल. हा आळस नाही, नखरे नाहीत, बेशिस्त तर अजिबात नाही. इन्सुलिन नसलं की खाल्लेलं पेशींपर्यंत पोचतच नाही, मग शरीर स्वतःचेच स्नायू आणि चरबी जाळायला लागतं आणि अंगातलं पाणी लघवीवाटे निघून जातं. लग्नातल्या बायकांनी ज्याला छान म्हटलं ते हे आहे. बोस्टनच्या जोस्लिन सेंटरने टाईप वन असलेल्या २३४ बायकांचा ११ वर्षं पाठपुरावा केला होता, २००८ ला छापून आलं ते, त्यात इन्सुलिन कमी घेणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचा धोका तिप्पट निघाला. हे फक्त तुमच्यासाठी सांगतेय, घाई का करायची ते कळावं म्हणून. तिला ऐकवू नका. डोळे आणि किडनीचं तिला नववीपासून पाठ आहे, त्या भीतीने कोणी बरं होत नाही, उलट आपलं आता सगळं गेलंच आहे असं वाटून माणूस मीटर उघडायचंच सोडून देतो.

असं का होतं हे घरच्यांना कळत नाही म्हणून लिहिते. टाईप वन निघायच्या आधी वजन झरझर उतरलेलं असतं, इन्सुलिन सुरू झालं की ते परत येतं, आणि बऱ्याच मुलींचं हे नेमकं वयात येताना होतं. तिथेच मनात गाठ बसते की इन्सुलिन म्हणजे जाडी. वर रोज प्रत्येक घासाचा हिशोब, पोळ्या किती, भात किती, त्याला युनिट किती, आणि मग आकडा आला की त्यावर घरच्यांचा चेहरा. दिवसभर खाण्याकडेच बघत राहायला लावणारा आजार आहे हा, म्हणून टाईप वनच्या मुलींमध्ये खाण्याचे आजार इतर मुलींपेक्षा जास्त दिसतात.

बोलायचं म्हणाल तर हो, विचारा. पण पुरावे मांडून नका विचारू. गादीखालचे पुडे, कार्ट्रिजचा हिशोब हे काढलंत की ती फक्त पुढच्या वेळी जास्त नीट लपवेल. जेवायच्या वेळी नको, आणि शुगर चढलेली असताना तर नकोच, तेव्हा डोकं जड असतं आणि बारीकसारीक बोलण्यानेही भडका उडतो. भाजी निवडताना, कपडे घड्या करताना, म्हणजे दोघींचे हात कामात आणि नजर एकमेकींवर रोखलेली नाही अशा वेळी. मला माझ्या आत्याने विचारलं होतं, "इन्सुलिन घेताना भीती वाटते का गं?" घेतेस की नाही असं विचारलं नाही तिने. माझ्या आजारपणात भीतीबद्दल विचारणारी ती पहिली व्यक्ती होती, मी त्या दिवशी फार काही बोलले नाही पण पुढच्या आठवड्यात स्वतःहून बोलले.

आणि सुरुवातीला उद्दिष्ट एकच ठेवा, रात्रीचं लाँग अ‍ॅक्टिंग चुकणार नाही. ते थोडे दिवस तुम्ही देऊ का असं तिला विचारा. जबरदस्तीने टोचायचं नाही, तिच्या डोक्यावरचं एक ओझं तुम्ही घेताय एवढंच. डोस किती ते मात्र डॉक्टरच ठरवतील, कारण बरेच महिने कमी घेतल्यावर कागदावरचा पूर्ण डोस एकदम सुरू करायचा नसतो.

ताईंना सांगावं लागेल. पण आधी भाचीला सांगा की मी आईला सांगणार आहे आणि या या शब्दांत सांगणार आहे, तुला त्यात काय बदलायचंय ते बोल.

मोरेश्वर_अण्णा

वैजूताई काळजी करू नका. रोज सकाळी कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पावडर द्या, आमच्या मेहुण्यांची शुगर त्याने नॉर्मलला आली. इन्सुलिनची शरीराला सवय लागते, हळूहळू सुटत असेल तर चांगलंच आहे की. भात, बटाटा, साखर पूर्ण बंद करा, महिन्यात फरक दिसेल.

मेघा_आहार

अण्णा, तुम्ही आपुलकीने लिहिलंय हे कळतंय, पण कोणी वाचून तसं करायला नको म्हणून लगेच उत्तर देतेय. मी आहारतज्ज्ञ आहे, बरेचसे पेशंट डायबेटिसचेच.

तुमच्या मेहुण्यांना टाईप टू असणार. टाईप वनमध्ये शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारलेल्या असतात, तिथे रसाने आणि पावडरीने काही परत येत नाही. इन्सुलिन सुटलं तर ते मूल काही दिवसांतच अत्यवस्थ होतं. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्याच्या आधी डॉक्टरांच्या हातात एकच उपाय होता, मुलांना उपाशी ठेवणं. अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन नावाचे डॉक्टर त्यासाठीच प्रसिद्ध होते. त्यांच्याकडची एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी अशा उपासमारीत इन्सुलिन येईपर्यंत कशीबशी तगली आणि मग ते मिळाल्यावर ७३ वर्षांपर्यंत जगली. तेव्हा उपासमार करत होते कारण दुसरं काही नव्हतं. आता इन्सुलिन येऊन १०० वर्षं उलटली तरी आपल्या घराघरांत टाईप वनच्या पोरांना हे बंद, ते बंद, तुला नको बाई गोड, असं चालूच आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींच्या खाण्याच्या आजाराची सुरुवात त्या "बंद"पासूनच झालेली असते. मला याचा मनापासून राग येतो.

वैजूताई, पेनवालीने लिहिलंय त्यातलं सगळं करा, मी खाण्यापुरतं आणि तपासण्यांपुरतं जोडते.

तुम्ही ऐकलेलं वाक्य बघता खाण्याचा आजार असण्याची शक्यता बरीच आहे, पण डॉक्टरांना इतर कारणंही बघायला सांगा. टाईप वनबरोबर थायरॉईड आणि सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास, हे दोन्ही बऱ्यापैकी सापडतात आणि दोन्हींत वजन, केस, थकवा यावर परिणाम होतो, त्यासाठी टीएसएच आणि टीटीजी या रक्ताच्या तपासण्या आहेत. टोचायच्या जागी गाठी झाल्यात का ते हाताने चाचपून बघायला सांगा, एकाच जागी टोचत राहिलं की तिथून इन्सुलिन नीट लागू पडत नाही. इन्सुलिन उन्हात किंवा फ्रीजरला चिकटून खराब झालं नाही ना तेही. पोटॅशियम आणि बाकीचे क्षार तपासायचे. आणि डोस वाढवायच्या आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, कारण खूप दिवस चढलेली शुगर एकदम खाली आली तर पडद्याचा त्रास काही काळ वाढू शकतो, पायांत आग आणि टोचणीही सुरू होऊ शकते. तीन महिन्यांत एचबीएवनसी दोन टक्क्यांपेक्षा जास्त उतरवायची घाई नको असं त्यासाठीच म्हणतात. म्हणजे ११ वरून लगेच ७ आणून दाखव असं कोणी तिला सांगत असेल तर ते तब्येतीलाही बरं नाही आणि मनालाही नाही.

खाण्याचं. गादीखालचे पुडे बघून तिच्या जिभेवर ताबा नाही असं समजू नका. दिवसभर अर्ध्या पोळीवर राहिलेलं शरीर रात्री तुटून पडतं, त्यात इन्सुलिन नसलं तर पेशी उपाशीच असतात त्यामुळे भूक अजून भडकते, मग अपराधी वाटतं, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास. हे चक्र रात्रीचं खाणं बंद करून तुटत नाही, सकाळचा नाश्ता सुरू करून तुटतं. तीन जेवणं आणि मधे दोन वेळा काहीतरी, ठरलेल्या वेळी, त्याच्या त्याच्या इन्सुलिनसकट. पहिले काही आठवडे काय खाल्लं त्यापेक्षा वेळेवर खाल्लं एवढंच बघायचं, पोहे असोत नाहीतर वरणभात. तिच्यासाठी वेगळं शिजवू नका, जे सगळ्यांना तेच तिला. कोणी तिच्या ताटाकडे बघून बोलायचं नाही, ना कमी वाढल्यावर ना जास्त वाढल्यावर. तुम्ही स्वतः "आज जास्त झालं, उद्या उपास" असं म्हणत असाल तर तेही घरातून जाऊ दे. वजनकाटा घरात असेल तर काढा, वजन बघायचंच असेल तर दवाखान्यात, पाठ फिरवून, आकडा न सांगता.

गुरुवारांबद्दल नाजूकपणे घ्या. पूजा करू दे, कहाणी वाचू दे, घट मांडू दे, तिला त्यात बरं वाटत असेल तर तुम्हीही सोबत बसा. फक्त जेवण आणि बेसल, म्हणजे रात्रीचं लाँग अ‍ॅक्टिंग इन्सुलिन चुकायला नको, आणि हे सांगायचं काम डॉक्टरांनी केलं तर जास्त बरं.

आणि हे एकट्या शुगरच्या डॉक्टरांचं काम नाही, एकट्या मानसोपचारतज्ज्ञांचंही नाही. दोघांनी एकमेकांशी बोलणं गरजेचं आहे, नाहीतर एक म्हणतो आकड्यांवर लक्ष ठेव आणि दुसरा म्हणतो आकडे विसर, पोरीने करायचं काय? डॉक्टरांना डीईपीएस-आर या प्रश्नावलीबद्दल विचारा, खास डायबेटिस असलेल्यांसाठीच आहे, १६ प्रश्न, २० किंवा जास्त गुण आले तर पुढे नीट तपासायचं. बोलायला पटकन कोणी मिळत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, मराठीतून बोलता येतं, तुम्ही स्वतः मावशी म्हणूनही फोन करू शकता. टाईप वनच्या मुलांबरोबर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांत संभाजीनगरची उडान आणि नागपूरचा ड्रीम ट्रस्ट आहे, मानसिक बाजूसाठी ठाण्याची आयपीएच. आणि मेडिक्लेम असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायला हवं, पॉलिसी काढून बघा.

बापमाणूस_कोल्हापूर

सगळं वाचलं. एक सांगू का, हा फक्त पोरींचा विषय समजू नका. माझा मुलगा टाईप वन, तालमीत जातो, त्याला पोटावर पॅक पाहिजेत. त्याचं वेगळ्या बाजूनं सुरू झालं, हायपोतनं, म्हणजे शुगर एकदम खाली जाण्यातनं.

रात्री शुगर ७० च्या खाली गेली की जी भूक लागते ती साधी भूक नव्हे, मेंदूला साखर कमी पडलेली असते, हात कापतात, घाम येतो, माणूस समोर दिसेल ते तोंडात कोंबतो. पोरगं अर्धा फ्रीज रिकामा करायचं, तासाभरानं शुगर ३०० ला, मग सकाळी स्वतःवर चिडून नाश्ता नाही, व्यायाम डबल, की परत दुपारी हायपो. आम्हाला वाटायचं पोरगं खादाड झालंय. समुपदेशक बाईंनी ही साखळी कागदावर काढून दाखवली तेव्हा घरातल्या सगळ्यांना उलगडलं.

आता त्याच्या उशाशी छोट्या डब्यांत ग्लुकोज पावडर मोजून ठेवलेली असते, एका डबीत १५ ग्रॅम, म्हणजे तीन सपाट चमचे. हायपो झाला की एक डबी पाण्यातनं, १५ मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, नाही चढली तर दुसरी. बिस्किट, केळं, चॉकलेट नाही, कारण ते चढायला वेळ लागतो आणि आवडीचं असलं की थांबता येत नाही. वारंवार हायपो होत असले तर डोसच जास्त आहे, तो डॉक्टरांकडनं कमी करून घ्यायचा, पोराच्या मनावर ढकलायचं नाही.

दुसरं सेन्सरचं. त्याच्या दंडावरच्या सेन्सरचे आकडे माझ्या मोबाईलवर यायचे आणि मी दुकानातनं फोन करायचो, काय खाल्लंस रे. बाईंनी सुचवलं आणि आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की माझ्याकडं फक्त खूप कमी झाल्याचा अलार्म येणार, बाकी आकडे त्याचे आणि डॉक्टरांचे. घरी आला की आधी दिवस कसा गेला ते विचारायचं, शुगर तो सांगेल तेव्हा. पोरगं हळूहळू परत आमच्याबरोबर जेवायला बसायला लागलं. वैजूताई, तुमच्या भाऊजींनापण यात घ्या, बापाला बाजूला ठेवून हे होत नाही.

सुधीर_सोलापूर

थोडं विषयांतर होतंय पण विचारतो. वय ५२, टाईप टू. दिवसातनं दोनदाच जेवायचं हे वाचून सुरू केलं, सुरुवातीला शुगर उतरली म्हणून हुरूप आला. गोळ्या ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन. आता असं होतंय की रात्री सगळे झोपले की मी स्वयंपाकघरात जातो आणि शेंगाचटणी, भाकरी, चिवडा, पोरांसाठी आणलेली मिठाई, पोट दुखेपर्यंत खातो. चव पण कळत नाही. सकाळी कोणाच्या डोळ्याला डोळा देववत नाही. हे बायकोला पण सांगितलेलं नाही. पुरुषांना असलं काही असतं का?

मेघा_आहार

काका, विषयांतर नाहीये, बरं केलंत लिहिलंत. पुरुषांना असतं, टाईप टूमध्ये तर हे बऱ्यापैकी दिसतं आणि कोणी विचारत नाही म्हणून कोणी सांगत नाही. थोड्या वेळात खूप खाणं, थांबवता न येणं, नंतर शरम वाटणं, हे वारंवार होत असेल तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत, मुख्यतः बोलण्याचे, सीबीटी नावाची पद्धत.

पण तुमच्या बाबतीत गोळ्यांचंही बघायला हवं, आणि तेही याच आठवड्यात. ग्लिमेपिराइड घेऊन जेवण चुकवलं की शुगर खाली जाते, रात्रीची ती ओढ अर्धी हायपोचीच असू शकते, एकदा खायच्या आधी मीटरवर बघा. आणि डापाग्लिफ्लोझिन घेताना कडक उपास केला किंवा कार्ब, म्हणजे भात, पोळी, भाकरी, साखर, एकदम बंद केले तर शुगर नॉर्मल असूनही कीटोन चढू शकतात. त्यामुळे स्वतःच्या मनाने गोळीही बंद करू नका आणि उपासही पुढे रेटू नका, डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा, रात्रीच्या खाण्यासकट. संध्याकाळचं जेवण आधी परत सुरू करा. आणि हल्ली ती आठवड्याची वजनाची इंजेक्शनं ओळखीपाळखीतून मिळतात, तसं काही परस्पर घेऊ नका.

काकूंना सांगायचं तर सगळं एकदम सांगायची गरज नाही. रात्री मला त्रास होतो, डॉक्टरांकडे माझ्याबरोबर चल, एवढं पुरे.

वैजू_नाशिक

सगळ्यांचे आभार, उत्तरं पुन्हा पुन्हा वाचली. काय काय झालं ते सांगते.

मेथी निवडताना विचारलं, पेनवालीने लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं. ती म्हणाली "कशाला भीती वाटेल" आणि उठून गेली. मला वाटलं संपलं. रात्री उशिरा माझ्या खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, जेवणाआधी पेन हातात घेतलं की मला कापरं भरतं." मग खूप रडली. मी काही समजावलं नाही, नुसती जवळ बसले. रात्रीचं लाँग अ‍ॅक्टिंग मी देऊ का विचारलं तर दोन दिवस नाही म्हणाली, तिसऱ्या दिवशी दंड पुढे केला.

दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो, त्यांनी अर्धा तास दिला. डोस हळूहळू वाढवणार, आधी कीटोन आणि खूप चढलेली शुगर एवढंच सांभाळायचं म्हणाल्या, एचबीएवनसी तीन महिने बघायचंच नाही. डोळे तपासले, ठीक आहेत. थायरॉईड नॉर्मल, टीटीजीचा रिपोर्ट यायचाय. मानसोपचारतज्ज्ञांची पहिली भेट झाली, त्या आणि डॉक्टरबाई फोनवर बोलल्या एकमेकींशी. ताईला भाचीसमोरच फोन करून सांगितलं. ताई आधी चिडली, मग एकदम गप्प झाली, मग म्हणाली मी येते आणि काहीच बोलणार नाही. आली, आणि खरंच काही बोलली नाही, दोन दिवस लेकीला तेल लावून दिलं केसांना.

सगळं सुरळीत नाहीये. एक दिवस तिने ताट सरकवून दिलं आणि जेवलीच नाही. एक दिवस दुपारचं इन्सुलिन घेतलं म्हणाली आणि घेतलं नव्हतं, नंतर स्वतःच सांगितलं. आणि आता नवीनच, पाय सुजलेत, बोटांतली अंगठी निघत नाहीये, चेहरा जड दिसतोय. ती आरशासमोर उभी राहून म्हणते बघ मी म्हटलं नव्हतं, इन्सुलिनने मी फुगतेच. याला काय उत्तर द्यायचं? मला खरंच सुचत नाहीये.

पेनवाली

ताई, ती खोटं बोलत नाहीये, सूज खरी आहे, आणि तिला आधी हेच सांगा की तुझं बरोबर आहे, मला पण दिसतेय. "कुठे, काही नाही" म्हणू नका, विश्वास तिथेच तुटतो.

याला इन्सुलिन इडिमा म्हणतात. बरेच दिवस कमी इन्सुलिनवर काढल्यावर ते परत सुरू केलं की शरीर पाणी आणि मीठ धरून ठेवतं, कोरडं पडलेलं असतं ना. ही चरबी नाही, पाणी आहे, आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप उतरतं. बरं व्हायला लागलेल्या मुली इन्सुलिन परत सोडतात त्या बऱ्याचदा याच दिवसांत, कारण त्यांना कोणी आधी सांगितलेलं नसतं. मलाही झालं होतं, पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा. उतरलं.

डॉक्टरबाईंना आजच फोन करून सूज आल्याचं कळवा, त्यांना डोस वाढवायचा वेग कमी करावासा वाटेल किंवा किडनी आणि हृदयाचं एकदा बघून घ्यावंसं वाटेल. पाणी उतरवायच्या गोळ्या त्यांना न विचारता अजिबात नको, पोटॅशियम खाली जातं. झोपताना आणि अभ्यासाला बसताना पाय उशीवर घ्यायला सांगा. लोणची, पापड, चिवडा हे खारट घरात सगळ्यांचंच थोडं कमी करा, फक्त तिचं नाही. अंगठी साबण लावून आताच काढून ठेवा. घट्ट जीन्स ताईंबरोबर गावी पाठवून द्या आणि नाडीच्या सलवारी, सैल कुर्ते आणा, कपडे अंगाला काचले की दिवसभर तेच डोक्यात फिरतं. मोठा आरसा तिच्या खोलीतून थोडे दिवस बाहेर घ्यायचा का ते तिलाच विचारा.

दुपारचं इन्सुलिन घेतलं नाही हे तिने स्वतःहून सांगितलं ना, त्यावर रागावला नाहीत हे फार बरं केलंत. कॉलेजात डब्याच्या वेळेला तिने तुम्हाला फोन लावायचा आणि दोन मिनिटं काहीबाही बोलत बोलत पेन टोचायचं, असं विचारून बघा, मी आत्याबरोबर तसंच करायचे. हो म्हणाली तर त्या वेळेला तुम्ही फोन हाताशी ठेवा.

सूज भराभर वाढली, धाप लागली किंवा आडवं पडल्यावर श्वास घेता येईना असं झालं तर मात्र थांबू नका, लगेच हॉस्पिटल. टीटीजीचा रिपोर्ट आला की इथे लिहा.